ईट्रेक्स १० वर दोन सीझन : शिडाच्या होडीला हँडहेल्ड जीपीएस बांधून काय कळलं

आधीच सांगतो, हे यंत्र ट्रेकवाल्यांसाठी बनवलेलं आहे, शिडाच्या होडीवाल्यांसाठी नाही. गार्मिनचं ईट्रेक्स १०, ते पिवळं, मुठीत मावणारं, सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या सॅकच्या पट्ट्याला लटकलेलं तुम्ही पाहिलं असेल. माझ्याकडेही ते एका ट्रेकर मित्राकडूनच आलं, त्याचं सगळं आता फोनवर व्हायला लागलं होतं आणि हे कपाटात पडून होतं म्हणून सेकंडहँड घेतलं. तेव्हापासून दोन सीझन, म्हणजे ऑक्टोबर ते मे असे दोनदा, मुंबई हार्बरमध्ये माझ्या लेझरवर बांधून वापरलंय, साठेक ट्रॅक साठलेत, आणि त्याआधीच्या कित्येक वर्षांत माझ्या सेलिंगमध्ये जेवढा फरक पडला नव्हता तेवढा या दोन सीझनमध्ये पडलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

लेझर माहीत नसेल त्यांच्यासाठी, एका माणसाची, एका शिडाची छोटी होडी, ४.२३ मीटर लांब. आता तिचं अधिकृत नाव इल्का झालंय पण धक्क्यावर सगळे अजून लेझरच म्हणतात. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत विष्णू सर्वाननने इल्का ७ मध्ये कांस्य आणि नेहा ठाकूरने इल्का ४ मध्ये, म्हणजे त्याच होडीवर छोटं शीड लावून, रौप्य जिंकलं ती हीच होडी. सगळ्यांच्या होड्या सारख्या, शिडं सारखी, त्यामुळे मागे पडलात तर दोष होडीला देता येत नाही, तो होडीत बसलेल्या माणसातच शोधावा लागतो, आणि मी का मागे पडतो हेच मला कळत नव्हतं.

आमच्यातले दोघं-तिघं अनुभवी लोक सांगायचे की तुझा पोर्ट टॅक कच्चा आहे. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही म्हणून होडी नागमोडी न्यावी लागते, वारा डाव्या अंगाने घेऊन चाललात तर पोर्ट टॅक आणि उजव्या अंगाने घेतलात तर स्टारबोर्ड. मलाही वाटायचं की पोर्टवर होडी जड जड चालते, मग मी त्यावर शीट (शीड आवळायची दोरी) ढिली कर, घट्ट कर, अंग अजून बाहेर टाक, असे सगळे प्रयोग करायचो आणि वर्षभराने पुन्हा तेच.

पहिल्या रविवारी हे यंत्र बांधून गेलो तेव्हा दुपारचा नेहमीचा खारा वारा होता, वायव्येकडून, दहा-बारा नॉटचा (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). घरी येऊन ट्रॅक लॅपटॉपवर उघडला आणि लोक म्हणत होते ते आकड्यातच समोर आलं. स्टारबोर्डवर गेटवेच्या बाजूला जाताना ४.९ नॉट, पोर्टवर भाऊच्या धक्क्याच्या दिशेने जाताना ३.२ नॉट. १.७ नॉटचा फरक! एका टॅकवर मी इतका वाईट असेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो पूर्ण आठवडा मी डोक्यात पोर्ट टॅकच घोळवत होतो.

पुढच्या रविवारी तेच पाणी, तोच वारा, तीच वेळ, आणि ट्रॅकवर पोर्ट ४.७ आणि स्टारबोर्ड ३.९. आता पोर्ट चांगला आणि स्टारबोर्ड कच्चा! मला खरंच काही कळेना. यंत्र बिघडलं असं वाटलं, एक आठवड्याच्या विचाराने माझा पोर्ट सुधारला असंही क्षणभर वाटलं.

उत्तर दिलं ते आमच्या रेस्क्यू बोटीवरच्या मामांनी. मामा कोळी आहेत, आयुष्य या हार्बरमध्ये गेलंय, त्यांना मी फोनवर दोन्ही ट्रॅकचे फोटो दाखवले तर त्यांनी फोटोकडे नीट पाहिलंही नाही, एवढंच विचारलं, "आज तिथी कुठली?" मी म्हटलं माहीत नाही मामा. म्हणाले, "अष्टमी. आणि गेल्या रविवारी पुनव होती. उधाणाचं पाणी दुपारी बाहेर ओढतं, आज भांग (लहान भरती-ओहोटी) आहे, पाणी आत येतंय. तू पाण्यावर चालतोस, तुझं मशीन जमिनीवर मोजतं."

या एका वाक्यासाठी मी हा पूर्ण रिव्ह्यू लिहितोय असं समजा. जीपीएस तुमचा वेग जमिनीच्या हिशोबाने सांगतो, पाण्याच्या नाही. होडी पाण्यातून ४.२ नॉटने चालली असेल आणि पाणी स्वतःच १.२ नॉटने नैऋत्य-दक्षिणेकडे सरकत असेल, तर ज्या टॅकवर पाणी थोडं पाठीशी आहे तिथे आकडा फुगतो आणि ज्या टॅकवर ते अंगावर येतं तिथे आकडा पडतो. मी नंतर कागदावर बाण काढून हिशोब केला, पश्चिमेला तोंड करून ४.२ आणि उत्तरेला तोंड करून ४.२, दोन्हींत ओहोटीचा १.२ चा बाण मिळवला, तर उत्तर येतं ४.९ आणि ३.२. म्हणजे माझे दोन्ही टॅक अगदी सारखे होते! लोक माझ्याकडे धक्क्यावरून बघत होते, त्यांनाही होडी जमिनीच्याच हिशोबाने दिसत होती, म्हणून त्यांनाही पोर्ट कच्चा वाटायचा.

आपल्याकडची जुनी रीत माहीत असेलच, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला-अवसेला हिशोबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. म्हणजे पुनवेच्या रविवारी आपण जेवून दोन वाजता पाण्यात उतरतो तेव्हा भरती होऊन दोन तास झालेले असतात, आणि ओहोटीचे तिसरा आणि चौथा हे दोन तास सगळ्यात जोराचे असतात, त्यात उधाणाला मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वरही जाते, तेवढं सगळं पाणी हार्बरच्या तोंडातून बाहेर पडायचं असतं. अष्टमीला त्याच वेळी भरती चढत असते पण भांगाची, म्हणून ओढ उलटी आणि कमी. आता मी कॅलेंडरवर आधी तिथी बघतो, मग वाऱ्याचं अॅप.

ओढ नक्की किती ते मोजायची आमची पद्धत सांगतो, फार सोपी आहे. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घ्यायचा, गळ्यापर्यंत पाण्याने भरायचा म्हणजे तो जवळजवळ बुडालेला राहतो आणि वारा त्याला ढकलू शकत नाही, त्याच्या मुठीला वॉटरप्रूफ पाउचमध्ये यंत्र बांधायचं, रेस्क्यू बोटीवरून सोडायचं आणि लांबून नजर ठेवत दहा मिनिटं थांबायचं. पहिल्यांदा मोजलं त्या दिवशी मामांनीच कॅन सोडला, इंजिन बंद केलं, तो पांढरा कॅन हळूहळू प्राँग्ज दीपगृहाच्या दिशेने निघाला, बघताना वाटत होतं जागेवरच आहे. उचलून स्क्रीन बघितली तर दहा मिनिटांत ३७० मीटर, दिशा २१० अंश. म्हणजे १.२ नॉट. मामा म्हणाले, "मी सांगितलं होतं ना." त्यांना कॅन लागला नाही, बोयाला पाणी कसं वळसा घालतंय ते बघूनच त्यांनी आधी सांगितलं होतं. मला मात्र आकडा हवा होता, आणि तो या यंत्राने दिला.

आता यंत्राबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचा आहे.

स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट, २.२ इंची. दुकानात बघाल तर जुनाट वाटेल. पण एप्रिलच्या दुपारी दोन वाजता पाण्यावरून उलटणाऱ्या उन्हात फोनची स्क्रीन काळा आरसा होते आणि ही स्क्रीन जितकं ऊन जास्त तितकी स्पष्ट दिसते. नकाशा म्हणाल तर जवळजवळ नाहीच, आणि हार्बरमध्ये मला तो लागतही नाही. दोन पेन्सिल सेलवर चालतं, कंपनी २५ तास सांगते, माझे चार्जेबल सेल तीन-चार रविवार आरामात जातात. एक करा, मेनूत सेलचा प्रकार चार्जेबल असा निवडा, नाहीतर बॅटरीचा काटा चुकीचा दिसतो. वजन सेल धरून दीडशे ग्रॅमच्या आत. पाण्याचं म्हणाल तर आयपीएक्स७, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, लेझर उलटली तरी त्याला काही होत नाही, माझं निदान पंधरा वेळा तरी पाण्याखाली जाऊन आलंय. पण ते तरंगत नाही! दोरी बांधल्याशिवाय पाण्यात नेऊ नका, हार्बरच्या तळाच्या चिखलातून ते कुणी काढून देणार नाही. मी पाउचमध्ये ठेवतो ते पाण्यासाठी नाही तर तरंगण्यासाठी आणि मिठापासून वाचवण्यासाठी. पहिलं पाउच एका दुकानातून घेतलं होतं, तिसऱ्याच रविवारी त्याची शिवण सुटली, त्यामुळे पाउच घेताना त्यात टिश्यू पेपर घालून घरी बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी टिश्यू कोरडा तर पाउच चांगलं.

कुठे बांधायचं हा मोठा प्रश्न. आधी लाइफ जॅकेटच्या पाठीच्या खिशात ठेवायचो, कारण आकाश मोकळं दिसतं. पण लेझरवर माणूस हायकिंग करतो, म्हणजे होडी सपाट ठेवायला अंग काठाबाहेर टाकतो, टॅक करताना, म्हणजे वळून दुसऱ्या टॅकवर जाताना, या काठावरून त्या काठावर जातो, दोन-तीन मीटर माझी मीच जागा बदलतो, आणि ते सगळं ट्रॅकमध्ये होडीचं म्हणून येतं. टॅकच्या क्षणी वेगात विचित्र उसळी दिसायची ती मुळात माझ्या पाठीची होती. आता डोलकाठीच्या बुडाशी, बंजीने घट्ट आणि वर एक वेगळी दोरी. शिडाने किंवा काठीने सिग्नल अडतो असं मला तरी दिसलं नाही. एक तोटा, तिथून चालू वेग वाचता येत नाही. माझ्या मते ते चांगलंच आहे, कारण पाण्यावर असताना डोळे शिडावरच्या दोऱ्यांवर आणि समोरच्या पाण्यावर हवेत, आकड्यावर नाहीत. आकडा घरी बघायचा.

सेटिंगमधली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ट्रॅक कसा रेकॉर्ड होतो ती. घेतल्या घेतल्या ते ऑटोवर असतं, ट्रेकसाठी ते योग्यच आहे, सरळ चाललात तर कमी ठिपके टाकतं आणि वळलात तर जास्त. पण होडीचा टॅक दहा-पंधरा सेकंदांत संपतो, त्यात ऑटोने तीन-चार ठिपके टाकले तर काय बघणार? मी पूर्ण पहिला महिना ऑटोवर घालवला, माझी चूक, मॅन्युअल वाचलं नव्हतं. टाइम निवडून १ सेकंद करा. मग दुसरी अडचण येते, एका ट्रॅकमध्ये १०,००० ठिपके मावतात, सेकंदाला एक म्हणजे २ तास ४६ मिनिटं. दुपारी दीडला निघून साडेचारला परत येणाऱ्याला ते पुरत नाही. त्यामुळे ऑटो अर्काइव्ह चालू ठेवा म्हणजे भरलेला ट्रॅक आत बाजूला ठेवला जातो आणि नवा सुरू होतो, आणि धक्क्यावरून निघताना आधीचा ट्रॅक सेव्ह करून पुसून टाका. युनिट नॉटिकल करा म्हणजे वेग नॉटमध्ये आणि अंतर नॉटिकल मैलात (१८५२ मीटर) दिसेल. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे ती भानगड इथे नाही.

फाइल जीपीएक्समध्ये मिळते, मिनी यूएसबीची जुनी केबल लागते, ती आता घरात शोधावी लागते म्हणून एक वेगळी घेऊन ठेवा. फाइलमधली वेळ भारतीय नसते, साडेपाच तास मागे असते, म्हणजे दुपारी दोनला ८:३० दिसतं. काही सॉफ्टवेअर आपोआप बदलतात, काही नाही, मित्राच्या व्हिडिओशी ट्रॅक जुळवताना हे लक्षात ठेवा. गार्मिनचं बेसकॅम्प फुकट आहे आणि साध्या बघण्याला पुरतं, गुगल अर्थमध्ये टाकलं तरी हार्बरच्या फोटोवर तुमचा नागमोडी रस्ता उमटतो आणि घरच्यांना दाखवायला तेच बरं. वेगाचे ग्राफ, एकापेक्षा जास्त होड्या एकदम चालवून बघणं यासाठी जीपीएस अॅक्शन रिप्ले वापरतो, विंडसर्फिंगवाल्यांमध्ये ते प्रसिद्ध आहे.

ग्राफ बघताना एक धोका. या फाइलमध्ये दर सेकंदाची जागा आणि वेळ असते, वेग नसतो, वेग सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांमधल्या अंतरावरून काढतं. आता एका सेकंदात जागा १ मीटरने चुकली तर वेग जवळजवळ २ नॉटने चुकतो! प्रत्यक्षात लागोपाठच्या ठिपक्यांची चूक बरीचशी एकाच बाजूला असते म्हणून इतकं वाईट होत नाही, पण ग्राफ करवतीच्या दातासारखा दिसतो तो त्यामुळेच. पाच सेकंदांची सरासरी लावा, तीच १ मीटरची चूक ०.४ नॉटवर येते आणि खरी होडी दिसायला लागते. आणि तो मॅक्स स्पीडचा आकडा कृपा करून कुणाला सांगू नका, तो बहुतेक वेळा एखाद्या चुकलेल्या ठिपक्याचा असतो.

हे सगळं जमल्यावर मी पहिल्यांदा माझ्या टॅककडे नीट बघितलं, म्हणजे वळण्याच्या त्या काही सेकंदांकडे. सरळ चालताना मी बाकीच्यांइतकाच होतो हे तर पाण्याचा हिशोब केल्यावर कळलंच होतं, मग मागे कुठे पडत होतो? टॅकमध्ये. वळायला सुरुवात केल्यापासून होडी त्या नव्या बाजूच्या नेहमीच्या वेगाला यायला १४ सेकंद घेत होती, आणि तेवढा वेळ सरासरी १.६ नॉट कमी होते. गुणाकार केला तर साडेअकरा मीटर. लेझरच्या पावणेतीन लांब्या, एका टॅकला! एका बीटमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या मार्कपर्यंत (वळसा घालायच्या बोयापर्यंत) जाताना, मी नऊ-दहा टॅक करायचो, शंभर मीटर तिथेच गेले. इतकी वर्षं मी ज्या टॅकवर चालायचो त्यावर मेहनत घेत होतो आणि नुकसान टॅक करण्यात होतं.

ग्राफवर अजून एक दिसलं. वेग सगळ्यात खाली जायचा तो होडी वाऱ्याच्या रेषेतून जाताना नाही, तर त्यानंतर तीन-चार सेकंदांनी. म्हणजे मी वळून बसल्यावर लगेच शीट पूर्ण ओढून घेत होतो आणि होडीला वेगच नव्हता, ती आडवी सरकत होती. ट्रॅकवर ते अक्षरशः दिसतं, वळणानंतर रेषा आधी खाली झुकते, मग वर येते. उपाय कुठल्याही कोचने पहिल्या दिवशी सांगितलेला असतो, होडीचं तोंड वाऱ्यापासून थोडं खाली पडू दे, शीट ढिली ठेव, होडी सपाट कर, वेग आला की मग ओढ. मला ते ऐकून माहीत होतं, करतोय असंही वाटत होतं. ट्रॅक बघितल्यावर कळलं की करत नव्हतो. डिसेंबरभर प्रत्येक रविवारी पहिला अर्धा तास फक्त टॅक, वीस-वीसचे दोन सेट, घरी येऊन प्रत्येकाचे सेकंद वहीत. आता ९ सेकंद आणि साधारण ६ मीटर. टॅकमागे साडेपाच मीटर वाचले, आणि टॅकची संख्याही कमी केली.

दुसरी कमाई ले-लाइनची, म्हणजे जिथून वळलं की पुढच्या एकाच टॅकवर मार्क गाठता येतो त्या रेषेची. ओहोटीच्या दिवसांचे ट्रॅक एकावर एक ठेवले तर वरच्या मार्कजवळ प्रत्येक ट्रॅकला गाठ मारल्यासारखी दिसत होती, दोन-दोन छोटे टॅक, अगदी मार्कच्या खाली. का? मी स्टारबोर्डवर मार्ककडे वळायचो तेव्हा होडीचं तोंड मार्ककडे असायचं पण पाणी मला खाली नेत असायचं, होडी २७० कडे बघत होती आणि जात होती २५८ कडे. बारा अंश म्हणजे फार नाही वाटत, पण चारशे मीटर लांबून वळलात तर मार्कजवळ पोचेपर्यंत ८०-८५ मीटर खाली गेलेले असता. मग दोन जादा टॅक, तेही बाकीच्या होड्यांच्या गर्दीत, त्यांच्या शिडांनी बिघडवलेल्या मळक्या वाऱ्यात. आता ओहोटीला स्टारबोर्डच्या ले-लाइनवर मी बाकीच्यांपेक्षा उशिरा वळतो, आणि पोर्टने मार्कवर येत असेन तर लवकर, कारण तिथे तेच पाणी मला वर ढकलतं. भरतीला बरोबर उलट. आणि काठाजवळ ओढ कमी असते हे मामा सांगायचे ते ट्रॅकवर स्वच्छ दिसतं, त्याच ओहोटीत काठाच्या बाजूला पोर्टवर ३.६ आणि मधल्या खोल पाण्यात ३ च्याही खाली.

आता मर्यादा. याला वारा कळत नाही. वाऱ्याची दिशा तुम्हालाच लिहून ठेवावी लागते, मी सुरुवातीला होडी वाऱ्याच्या तोंडावर उभी करून होकायंत्र बघतो, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा, आणि किनाऱ्यावर आल्याआल्या वहीत टाकतो. हे केलं नाही तर वारा वळला की तुम्ही वळलात हे ट्रॅकवरून सांगता येत नाही. यंत्रात व्हीएमजी असा एक आकडा दिसतो, त्यावर खूश होऊ नका, तो तुम्ही निवडलेल्या ठिकाणाकडे किती वेगाने जाताय तो आहे, वाऱ्याकडे किती जाताय तो नाही, आणि आपल्याला बहुतेक वेळा दुसरा हवा असतो. स्टार्ट लाइनपासून किती लांब आहोत हे बघायला तर अजिबात वापरू नका, मोकळ्या आकाशाखालीही जागा तीन-पाच मीटर इकडेतिकडे होते आणि स्टार्टला अर्ध्या मीटरचं भांडण असतं. जॉयस्टिकसारखं छोटं बटण आहे ते ओल्या हातमोज्याने दाबताना त्रास होतो, म्हणून सगळं किनाऱ्यावरच सेट करून निघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेझरच्या रेसमध्ये जीपीएस लावून उतरू नका, बाकी क्लासवाल्यांनीही क्लासचे नियम आणि त्या रेसच्या सूचना वाचल्याशिवाय लावू नका. मी फक्त सरावात वापरतो.

फोन का नाही, घड्याळ का नाही, हे विचारणार म्हणून सांगतो. फोन मी आधी एक सीझन वापरून बघितला, पाउचमध्ये उन्हात तापून तो मधेच बंद व्हायचा, आणि बुडाला तर सगळंच गेलं. स्पोर्ट्स घड्याळ चांगलं आहे, असेल तर तेच वापरा, फक्त दर सेकंदाचं रेकॉर्डिंग चालू करा, पण ते मनगटावर असतं आणि आपलं मनगट शीट ओढत सतत हलत असतं, तो पाठीच्या खिशाचाच प्रश्न परत येतो.

एकट्याने घेतलंत तर उपयोग आहेच, पण खरी मजा दोघांनी मिळून घेण्यात आहे. गेल्या सीझनच्या शेवटी माझ्या एका सेलिंगच्या मित्रानेही असंच जुनं ईट्रेक्स मिळवलं आणि आम्ही शेजारी-शेजारी, चार-पाच होड्यांचं अंतर ठेवून, एकाच टॅकवर पाच-पाच मिनिटं चालायला लागलो. यात सगळ्यात मोठी सोय म्हणजे पाण्याचा हिशोब करावाच लागत नाही, दोघं एकाच पाण्यात आहोत, ओढ दोघांना सारखी, उरतो तो फरक आमचा. मित्र काही बदलत नाही, मी एकच गोष्ट बदलतो, एकदा व्हँग, एकदा कनिंगहॅम (दोन्ही शिडाचा ताण बदलायच्या दोऱ्या), एकदा फक्त बसायची जागा चार बोटं पुढे. फरक ०.१ नॉटचा असतो, पाण्यावर डोळ्याला कळत नाही, पण ०.१ नॉट म्हणजे मिनिटाला ३ मीटर आणि बारा मिनिटांच्या बीटमध्ये ३७ मीटर. एकदा करून विश्वास ठेवू नका, जागा बदलून, म्हणजे तो वरच्या बाजूला आणि तुम्ही खालच्या, असं पुन्हा करा, मगच वहीत लिहा. मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँच मधून गेल्या की त्यांच्या लाटांमुळे ती पाच मिनिटं फुकट जातात, ती सरळ काढून टाका.

पवना किंवा खडकवासल्यासारख्या धरणाच्या पाण्यावर सेलिंग करणारे असाल तर तुम्हाला भरती-ओहोटीची ही भानगडच नाही, यंत्रावर दिसेल तो वेग जवळजवळ पाण्याच्याच हिशोबाचा, तुम्ही पहिल्या दिवसापासून टॅककडे बघू शकता. समुद्रावरच्यांनी मात्र आधी पंचांग उघडा. आणि ज्यांना फक्त किती किलोमीटर फिरलो हे बघायचंय त्यांनी यावर पैसे घालू नका, फोनवरचं कुठलंही अॅप पुरे आहे.

सेकंडहँड घेताना काय बघायचं ते सांगून थांबतो. मागचं झाकण उघडा, सेलच्या जागेत हिरवा-पांढरा गंज आहे का बघा, झाकणाची कडी फिरवून घट्ट बसते का बघा, केबल लावायच्या भोकावरचं रबर फाटलेलं नको. मोकळ्या मैदानात दहा मिनिटं ठेवून उपग्रह पकडतंय का बघा आणि एक ट्रॅक काढून तिथेच लॅपटॉपवर उतरवून घ्या. पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आणि मे संपला की सेल काढूनच ठेवा, पावसाळ्याचे चार महिने सेल आत राहिले तर गळतात.

माझ्या वहीत अजून एक गोष्ट बाकी आहे. पोर्टवरून स्टारबोर्डवर वळताना मला अजूनही दुसऱ्या बाजूपेक्षा दोन मीटर जास्त लागतात, पाणी वजा करूनही, भांगाच्या दिवशीही. टिलरचा (सुकाणूच्या दांडीचा) हात बदलताना मी मागे बघतो असा मित्राला संशय आहे. ऑक्टोबरमध्ये पहिल्या रविवारी तो मागून व्हिडिओ काढणार आहे, तो ट्रॅकशी जुळवला की काय निघतंय ते खाली लिहीन.